कुंपणाबाहेरचे खेळाडू

परमुलखात गेलेला माणूस सगळ्यांत आधी काय शोधतो? पोटापाण्याची सोय लागली, पाठ टेकायला जागा मिळाली, की तो आपली भाषा बोलणारी चार माणसे शोधतो. कोकणातला चाकरमानी मुंबईस येई तो थेट गिरणगावात आपल्या गावकऱ्यांच्या खोलीवर. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे, रविवारी भजन, नाहीतर हुतूतूचा सामना. गोव्याकडचा खलाशी बोटीवरून उतरला की धोबीतलावाच्या बाजूला आपल्या गावाची ‘कूड’ गाठी. तिथे त्याच्या गावच्या देवाची वेदी असे, गावचे नियम असत, गावच्या बातम्या असत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा आजोबा किंवा काका होऊन गेला असेल.

ही ओढ काही आपलीच नव्हे. आज दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहरात गेलात, तर तिथल्या परदेशी नोकरदारांचे ठरलेले अड्डे तुम्हाला दाखवता येतील. भिंतीवर मायदेशातल्या संघांची निशाणे, कोपऱ्यात मोठा पडदा, त्यावर हजारो मैलांवरचा सामना चाललेला, आणि हातात बियरचा पेला घेतलेली माणसे आपल्या बोलीत ओरडत असलेली. दोन तास ती माणसे त्या शहरात नसतातच. मनाने आपल्या गावी असतात.

मंडळी, असले अड्डे करमणुकीचे, त्यांचा इतिहास तो काय सांगायचा, असे कोणाला वाटेल. पण दीडशे वर्षांपूर्वी परक्यांनी परमुलखात काढलेल्या अशाच अड्ड्यांतून, म्हणजे क्लबांतून आणि जिमखान्यांतून, जगातले दोन मोठे खेळ बाहेर पडले. दक्षिण अमेरिकेत फुटबॉल आणि आपल्या मुंबईत क्रिकेट. ते खेळ कुंपणाबाहेर कसे आले आणि कोणामुळे आले, हे आज पाहायचे आहे.

सुरुवात आपल्या मुंबईच्या उपनगरापासून करू. अंधेरीला, पश्चिमेच्या बाजूला, महापालिकेचे शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल आहे. १९८८ साली ते उभे राहिले. तिथल्या मैदानावर २०१६ साली मुंबईच्या संघाकडून दिएगो फोर्लान नावाचा एक फुटबॉलपटू खेळला. हा गृहस्थ उरुग्वे देशाचा, माँटेव्हिडिओ शहरात जन्मलेला. २०१० च्या विश्वचषक स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याला सुवर्णचेंडू मिळाला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये केरळच्या संघाविरुद्ध त्याने अंधेरीत एकाच सामन्यात तीन गोल मारले. मुंबईला येण्याच्या आधी तो आपल्या गावच्या ज्या संघात खेळत होता, त्याचे नाव पेन्यारोल. त्याचे वडील पाब्लो फोर्लान हेही त्याच संघाचे खेळाडू. आता या पेन्यारोल संघाचे मूळ शोधत मागे गेलो, तर आपण कुठे पोहोचतो? एका इंग्रज आगगाडी कंपनीच्या क्रिकेट क्लबात!

त्याचे असे झाले. एकोणिसाव्या शतकात उरुग्वेवर इंग्रजांचे राज्य नव्हते. तो देश स्पॅनिश बोलणारा आणि स्वतंत्र. पण राज्य नसले तरी भांडवल इंग्रजांचे होते. पाणी, गॅस, आगगाडी ही कामे इंग्रज कंपन्यांच्या हाती. त्यांच्याबरोबर इंजिनिअर आले, कारकून आले, फिटर आले. आणि माणसे आली तसा त्यांचा खेळही आला. माँटेव्हिडिओ क्रिकेट क्लब १८६१ साली निघाला. नदीपलीकडे अर्जेंटिनात, ब्युनोस आयरिस शहरी, १८६७ साली थॉमस हॉग नावाच्या इंग्रजाने तिथल्या क्रिकेट क्लबाच्या मैदानावर फुटबॉलचा पहिला सामना भरवला. दोन्ही बाजूंचे खेळाडू तिथे राहणाऱ्या इंग्रजांपैकीच होते. गावातल्या लोकांनी फार तर कुंपणापाशी उभे राहून पाहावे.

माँटेव्हिडिओपासून सुमारे दहा किलोमीटरवर पेन्यारोल नावाचे खेडे होते. इटलीतल्या पिनेरोलो गावाहून आलेल्या एका माणसावरून ते नाव पडले होते. या खेड्यात ‘सेंट्रल उरुग्वे रेल्वे’ या इंग्रज कंपनीने आपला कारखाना हलवला. परळला रेल्वेचा कारखाना आल्यावर आजूबाजूची वस्ती कशी बदलली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. २८ सप्टेंबर १८९१ रोजी कंपनीच्या माणसांनी आपला क्रिकेट क्लब काढला. त्याचे सभासद ११८. त्यांपैकी ७२ ब्रिटिश, ४५ उरुग्वेचे आणि एक जर्मन. क्लबाने रंग घेतले ते रेल्वेच्या सिग्नलचे, काळा आणि पिवळा.

या आकड्यांकडे नीट बघा. तो ४५ चा आकडा महत्त्वाचा आहे. इथे साहेब आणि स्थानिक कामगार एकाच कारखान्यात काम करीत होते, म्हणून क्लबाचे दार अगदीच बंद ठेवता आले नाही. वर्षभरातच क्लबाचे लक्ष क्रिकेटवरून फुटबॉलकडे वळले. फुटबॉलला फळी नको, पॅड नकोत, दिवसभराची सवड नको. एक चेंडू आणि मोकळी जागा असली की झाले. कामगारांच्या मुलांना हा खेळ परवडला. होता होता संघ गावाचा झाला, आणि कंपनीला मात्र तो नकोसा होऊ लागला. शेवटी १९१३ च्या सुमारास कंपनी आणि क्लब वेगळे झाले. क्लबाने इंग्रज नाव टाकले आणि गावाचे नाव घेतले, ते हे पेन्यारोल. ते खेडे आज माँटेव्हिडिओचे उपनगर आहे, जसे अंधेरी आणि मुलुंड मुंबईची उपनगरे झाली तसेच.

त्याच शहरात दुसरेही एक पाऊल पडले. परक्यांच्या क्लबांना उत्तर म्हणून १४ मे १८९९ रोजी तिथल्या विद्यार्थ्यांनी नासिओनाल, म्हणजे ‘राष्ट्रीय’, नावाचा क्लब स्थापन केला. त्यांनी आपल्या स्वातंत्र्यवीराच्या, आर्तिगासच्या, झेंड्याचे रंग घेतले. आज सव्वाशे वर्षांनंतरही पेन्यारोल आणि नासिओनाल यांचा सामना असला की सारे शहर दोन बाजूंना वाटले जाते.

ब्राझीलची गोष्ट आपल्याला आणखी जवळची वाटेल. रिओ द जानेरो शहराच्या बांगू नावाच्या उपनगरात कापडाची एक मोठी गिरणी होती. गिरणीत इंग्रज तंत्रज्ञ होते. १९०४ साली त्यांनी क्लब काढला. पण दोन संघ करायचे तर साहेब पुरेनात! मग गिरणीतले मजूर घ्यावे लागले. १९०५ साली फ्रान्सिस्को कारेगाल हा कृष्णवर्णीय कामगार त्या संघातून खेळला. १९०७ साली रिओच्या फुटबॉल संघटनेने वर्णाचे कारण पुढे करून असे खेळाडू घ्यायचे नाहीत असा नियम केला, तेव्हा बांगूने खेळाडू सोडले नाहीत, संघटना सोडली. गरजेपोटी उघडलेले दार त्या लोकांनी पुढे बंद होऊ दिले नाही.

आता मुंबईस परत येऊ. आपल्याकडे इंग्रज नुसते नोकरीला आलेले नव्हते, राज्यकर्ते म्हणून होते. त्यामुळे त्यांच्या क्लबाचे कुंपण अधिक उंच होते. १८७५ साली किल्ल्याबाहेरच्या मैदानाच्या दक्षिण टोकाला ‘बॉम्बे जिमखाना’ निघाला. त्याच मैदानाच्या एका भागाला आज आपण आझाद मैदान म्हणतो. ‘जिमखाना’ हा शब्द मात्र इंग्रजीतला नव्हे हं! ‘खाना’ आपल्या दवाखाना, कारखान्यातलाच, आणि मूळ शब्द ‘गेंदखाना’ असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. शब्द इथला, जमीन इथली, मैदान राखणारे माळी इथले. सभासद मात्र फक्त युरोपियन. टेनिस, क्रिकेट, रग्बी झाल्यावर साहेब लोक सायंकाळी व्हरांड्यात पेला घेऊन बसत आणि मायदेशाहून आलेली वर्तमानपत्रे वाचीत. दक्षिण अमेरिकेतल्या आजच्या अड्ड्याचा हा पणजोबाच म्हणा ना.

पण त्या मैदानावर जिमखाना निघण्याच्या आधीपासून इथले लोकही खेळत होते. पारशी तरुणांनी १८४८ सालीच ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. पाठोपाठ हिंदू तरुणांचेही क्लब निघाले. छत्र्यांच्या काठ्या, ओबडधोबड फळ्या, मिळेल ते घेऊन ही मुले खेळत. जिमखान्याने आपल्या क्रिकेटसाठी मैदानाचा चांगला भाग राखून घेतला. उरलेल्या भागात इथली मुले क्रिकेट खेळत, तर तिथे साहेबांचे पोलो सुरू झाले. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्यांची चाळण होई.

मग काय झाले? या पोरांनी दगडफेक केली नाही, रडत बसली नाहीत. त्यांनी अर्ज केला. १८८१ साली शेकडो खेळाडूंच्या सह्यांचा अर्ज मुंबईच्या गव्हर्नरांकडे गेला. त्यात पुढाकार शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांचा. साहेबांना स्वतःचे राखीव मैदान आहे, मग आमच्या वाट्याच्या जागेवर त्यांचे घोडे कशाला, असा सरळ प्रश्न होता. १८८२ साली सरकारने तिथले पोलो थांबवले, आणि पुढच्याच वर्षी तो निर्णय फिरवला. अर्जदार हरले. पण शापूरजींनी ही सगळी हकिकत लिहून काढली आणि १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. आज आपण हे सांगू शकतो ते त्या लिखाणामुळे. हरलेल्याने नोंद ठेवली तर ती हकिकत पुसली जात नाही, हे गुरुजनांनी मुलांना जरूर सांगावे.

उत्तर पुढे खेळातूनच मिळाले. १८८६ आणि १८८८ साली पारशी संघ इंग्लंडला जाऊन आला. १८९० साली इंग्लंडहून आलेल्या व्हर्ननच्या संघाला पारशांनी मुंबईत हरवले. सरकारनेही समुद्राकाठच्या भरावाच्या जागेवर पारशी, मुसलमान आणि हिंदू यांना जिमखान्यांसाठी जमिनी दिल्या. हिंदू जिमखाना १८९४ सालचा. मरीन ड्राइव्हवरून जाताना हे जिमखाने आजही शेजारी शेजारी दिसतात. साहेबांच्या कुंपणाबाहेरचे लोक आता स्वतःच्या मैदानावर आले.

पण थांबा. इथेच या इतिहासातला सगळ्यांत अवघड प्रश्न उभा राहतो. साहेबाने आपल्याला बाहेर ठेवले म्हणून आपण स्वतःचा क्लब काढला. त्या आपल्या क्लबाच्या बाहेर कोण उभे होते?

पळवणकर बाळू हे नाव आपण ऐकले असेल. कूळ कोकणातल्या पालवण गावचे. जन्म १८७६ साली धारवाडला, चांभार समाजात. पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर ते खेळपट्टीवर रूळ फिरवायचे, जाळी लावायचे आणि सरावासाठी साहेबांना चेंडू टाकायचे. महिन्याला काही थोडे रुपये पगार. कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करी, आणि बाळूंनी बाद केले की दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. बाळूंनी साहेबांना हजारो चेंडू टाकले, पण फळी हातात घेण्याची पाळी मात्र त्यांच्यावर क्वचितच आली. तो मान साहेबांचा!

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. बाळूंशिवाय ते जमणार नव्हते. म्हणून त्यांना संघात घेतले. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावीत. पण चहाची वेळ झाली, की बाकीचे खेळाडू आत चिनीमातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. मंडळी, त्या क्षणी कुंपण कोणाचे होते? साहेबाचे नव्हते. ते आपलेच होते.

पुढे बाळू मुंबईस आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या त्याच मैदानावर हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता आणि त्यांचे धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरीसुद्धा हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी दिले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. एका घराने, एका पिढीत, दोन कुंपणे ओलांडली. त्यांतले आपल्या माणसांचे कुंपण ओलांडायला जास्त वर्षे लागली.

दक्षिण अमेरिकेतही याच्याशी जुळणारी एक घटना घडली. १९१६ साली तिथल्या देशांची पहिली मोठी फुटबॉल स्पर्धा झाली. उरुग्वेने चिलीला चार गोलांनी हरवले. त्यांतले दोन गोल पेन्यारोलच्या इसाबेलिनो ग्रादीनचे. तो आणि त्याचा साथीदार देल्गादो हे दोघे कृष्णवर्णीय, गुलामांच्या वंशातले. चिलीने तक्रार केली की उरुग्वेने आफ्रिकन खेळाडू खेळवले! उरुग्वेने ती तक्रार मानली नाही. ते आमचेच आहेत, ही त्या देशाची भूमिका राहिली. त्या छोट्या देशाने १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, आणि १९३० साली पहिला विश्वचषक आपल्याच माँटेव्हिडिओत जिंकला. या यशात आन्द्रादेसारख्या कृष्णवर्णीय खेळाडूंचा वाटा मोठा आहे. ज्या दिवशी त्यांनी आपल्याच माणसांपुढचे दार उघडे ठेवले, त्या दिवशी या यशाचा पाया घातला गेला असे मी म्हणेन.

आपल्याकडे वाट जरा वेगळी गेली. १९०७ साली युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला, स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ साली उरलेल्यांचा संघ घेऊन पंचरंगी झाली. लोकांची गर्दी अफाट होई. खेळ उत्तम होई. पण संघ धर्माच्या नावाने होते. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधीजींना भेटले, तेव्हा खेळात असे जातीय संघ असावेत हे आपल्याला पटत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. वाद बराच चालला. शेवटी १९४६ साली ती स्पर्धा बंद झाली, आणि संघ प्रांतांच्या, शहरांच्या नावाने खेळू लागले.

बॉम्बे जिमखान्याचे पुढे काय झाले? भारतातला पहिला कसोटी सामना १५ डिसेंबर १९३३ पासून त्याच मैदानावर झाला. इंग्लंडचा कर्णधार जार्डिन, आपले कर्णधार सी. के. नायडू. सामना आपण नऊ गड्यांनी हरलो, पण दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या. कसोटीतले ते भारताचे पहिले शतक. लोकांनी मैदानात धाव घेऊन त्यांना हार घातले. गंमत अशी, की ज्या मैदानावर अमरनाथांनी शतक काढले, त्या जिमखान्याचे सभासदत्व त्या काळी भारतीयांना खुले नव्हते. खेळायला या, बसायला नको! १९३७ साली ब्रेबोर्न स्टेडियम उभे राहिले आणि मोठे सामने तिकडे गेले. स्वातंत्र्यानंतर जिमखान्याचे सभासद भारतीयच झाले. साहेब गेले, व्हरांडा राहिला.

फुटबॉलचेही थोडे सांगतो. पेन्यारोलचा क्लब निघाला त्याच १८९१ साली मुंबईत रोव्हर्स कपाची स्पर्धा सुरू झाली. कित्येक वर्षे ती गोऱ्या पलटणींचीच मिरास होती. भारतीय संघाने, बंगलोर मुस्लिम्सने, ती पहिल्यांदा जिंकली ती १९३७ साली. म्हणजे पहिल्या विजयाला ४६ वर्षे लागली. दोन्ही ठिकाणी खेळ तोच. माँटेव्हिडिओच्या त्या खेड्यात पहिल्याच दिवशी ४५ स्थानिक माणसे आत होती. मुंबईत ती बाहेर होती. आपली मुले त्यांच्यापेक्षा कमी चपळ होती असे कोण म्हणेल? जिथे परक्यांबरोबर खांद्याला खांदा लावून काम करता येते, तिथे खेळही लवकर वाटला जातो. जिथे एक राज्यकर्ता आणि दुसरा रयत, तिथे तो अर्ज करून, झगडून मिळवावा लागतो.

हा इतिहास सांगण्याचा हेतू केवळ जुन्या गोष्टी उगाळणे हा नाही. परक्या मुलखात चार आपली माणसे गोळा करून बसणे यात गैर काही नाही. चाकरमान्यांच्या खोल्यांनी आणि गोवेकरांच्या कुडींनी हजारो माणसांना आधार दिला. आज आपलीही मुले दूरदेशी जातात, तिथे गणपती बसवतात, क्रिकेटचे संघ काढतात. त्यांनी ते जरूर करावे. फक्त आपल्या अंगणाच्या कडेला त्या देशाचा एखादा मुलगा उभा राहून बघत असेल, तर त्याला आत बोलवावे. कदाचित उद्याचा मोठा खेळाडू तोच असेल.

आणि शिक्षकमंडळींना एक विनंती. आपल्या शाळेचे पटांगण लहान असेल, मोठे असेल. मधल्या सुटीत खेळ चालू झाला की एकदा खेळणाऱ्यांकडे पाहू नका, कडेला उभ्या असलेल्यांकडे पाहा. चेंडू आणून देणारा कोण आहे? कपडे सांभाळत बसलेली कोण आहे? मुलींना खेळायला पटांगणाचा कोणता कोपरा मिळतो? नवीन आलेला, वेगळी बोली बोलणारा मुलगा कुठे उभा आहे? उपनगरातल्या शाळांत आज उत्तर प्रदेशातून, कर्नाटकातून, गुजरातेतून आलेल्या आई-बापांची मुले आहेत. खेड्यातल्या शाळांत ऊसतोडीला आलेल्यांची मुले चार महिन्यांपुरती येतात. त्यांच्या हाती एकदा चेंडू द्या आणि काय होते ते बघा. पुण्याच्या जिमखान्यावर रूळ फिरवणाऱ्या पोराच्या हाती कोणीतरी चेंडू दिला होता, तो सरावासाठी का होईना, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे आहे.